हजारानंतरच्या घड्या

लवळ्यात ऑगस्टचा पहिला आठवडा भातलावणीच्या अखेरचा असतो. टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठांच्या इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी पायथ्याच्या खाचरांत अजूनही चिखल होतो, गुडघाभर पाण्यात वाकून रोपे लावली जातात आणि नांगरटीने वर आलेल्या किड्यांसाठी बगळे उतरतात. याच आठवड्यात, ६ ऑगस्टला, आमच्याकडे हिरोशिमा दिन साजरा होतो. 'साजरा' हा शब्द खटकतो. पण सूचनाफलकावर तोच असतो. आम्ही या परिसरात राहणारे, मराठी शिकवणारे काही अध्यापक. भाषेचे शिक्षक म्हणून त्या दिवशीचे 'दोन शब्द' ठरल्याप्रमाणे आमच्याच वाट्याला येतात, आणि दरवर्षी आम्ही एकच गोष्ट सांगत आलो : सादाको सासाकीची.

ती गोष्ट आम्ही अशी सांगत असू. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सादाको दोन वर्षांची होती. पुढे बाराव्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग झाला. कागदाचे हजार करकोचे घडवले तर मनातली इच्छा पुरी होते, असे तिला कोणीतरी सांगितले. ती नेटाने घड्या घालीत राहिली. ६४४ झाले आणि तिचे प्राण गेले. उरलेले ३५६ तिच्या मैत्रिणींनी पूर्ण केले. येथे आमचा आवाज थोडा खाली येई, सभागृहात शांतता पसरे, मग मुले रंगीत कागद घेऊन घड्या घालायला बसत.

काही वर्षांपूर्वी कार्यक्रम संपल्यावर प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "म्हणजे तिला बॉम्ब लागलाच नव्हता ना?" प्रश्न निरागस होता आणि तो आमच्या सांगण्यातूनच निर्माण झाला होता. आमच्या कथेत बॉम्ब हा नेपथ्यापुरता होता. आजार वेगळा आला होता, जसा तो कोणालाही येतो. एका युद्धाने केलेली हत्या आम्ही एका आजारी मुलीच्या जिद्दीची बोधकथा करून टाकली होती. हे कसे घडले आणि भाषेच्या व साहित्याच्या अध्यापकांनी त्याची जबाबदारी का घ्यावी, याविषयी हे टिपण आहे.

आधी जे घडले ते. सादाकोचा जन्म ७ जानेवारी १९४३ चा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता ती घरी होती; ते घर स्फोटकेंद्रापासून सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या आतच होते. स्फोटाच्या धक्क्याने ती बाहेर फेकली गेली, पण आईला ती जिवंत सापडली. अंगावर जखम अशी दिसत नव्हती. पळताना त्यांच्यावर काळा पाऊस पडला. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली असा अंदाज आहे. सादाको वाचली. तिच्या वडिलांचा केशकर्तनाचा व्यवसाय होता. ती शाळेत जाऊ लागली, वेगाने धावू लागली आणि सहावीत वर्गाच्या रिले संघात होती.

१९५४ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिच्या मानेवर व कानामागे गाठी आल्या. पुढल्या जानेवारीत पायांवर जांभळे डाग उमटले. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिला हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयात दाखल केले गेले. निदान ल्युकेमियाचे होते. एखादे वर्ष, फार तर, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले. तिला रोगाचे नाव सांगितले गेले नाही. त्या शहरात हे निदान नवे नव्हते. स्फोटातून वाचलेल्यांत ल्युकेमिया दोन-तीन वर्षांतच वाढू लागला होता, सहा ते आठ वर्षांनी तो शिगेला पोचला, आणि स्फोटाच्या वेळी जे लहान होते त्यांना त्याचा धोका अधिक होता. अमेरिकेने १९४७ साली हिरोशिमात अणुबॉम्बच्या परिणामांच्या अभ्यासासाठी एक आयोग सुरू केला होता. तो वाचलेल्यांची तपासणी करी, उपचार करीत नसे. बॉम्बपीडितांना सरकारी खर्चाने वैद्यकीय मदत देणारा जपानी कायदा झाला १९५७ साली, म्हणजे सादाको गेल्यावर दोन वर्षांनी.

ऑगस्ट १९५५ मध्ये नागोयाच्या विद्यार्थिनींनी रुग्णांसाठी पाठवलेले कागदी करकोचे रुग्णालयात आले. करकोचा हजार वर्षे जगतो अशी जपानी समजूत आहे, आणि आजारी माणसासाठी हजार करकोचे ओवून देण्याची चाल आहे. सादाको घड्या घालू लागली. कागद मिळेल तो : औषधाच्या पुड्यांचा, भेटवस्तूंच्या वेष्टनांचा. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयातील माहिती आणि तिच्या थोरल्या भावाच्या, मासाहिरो सासाकी यांच्या, आठवणी एका गोष्टीवर एकमत आहेत. सादाकोने हजार पूर्ण केले. ऑगस्ट संपता संपताच केले. आजार हटला नाही. त्यानंतरही ती घड्या घालीत राहिली. कागद लहान होत गेला, करकोचे इतके चिमुकले झाले की घडी बसवायला सुई लागे. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती गेली. अखेरच्या सकाळी तिने चहा घातलेला भात मागितला, दोन घास खाल्ले आणि छान लागतो म्हणाली. पुढे घरच्यांच्या हाती एक कागद लागला. त्यावर तिने आपल्या रक्ततपासणीचे आकडे टिपून ठेवले होते : पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, हिमोग्लोबिन. जे तिच्यापासून लपवले जात होते, ते तिला ठाऊक होते; आणि आपल्याला ठाऊक आहे हे तिने आईवडिलांपासून लपवले होते.

मग ६४४ हा आकडा आला कोठून? एलेनॉर कोअर यांच्या १९७७ च्या इंग्रजी बालपुस्तकाने तो जगभर नेला. त्या पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली, आणि हिरोशिमाची ओळख असंख्य मुलांना त्यातूनच झाली, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. कथाकार म्हणून लेखिकेने जे केले, ते कोणत्याही कथाकाराला सुचेल असेच आहे. अपुरे राहिलेले काम आणि ते पुरे करणारे मित्र, ही रचना घट्ट आहे. तिच्यात शेवट आपोआप येतो. पण या रचनेबरोबर एक अर्थही आत शिरतो. सादाको मेली, कारण हजार झाले नव्हते. थोडा वेळ मिळता तर कदाचित वाचली असती, अशी एक अंधूक आशा कथेत राहून जाते. प्रत्यक्षात हजार झाले होते. श्रद्धेने आपल्या बाजूचा करार पाळला होता. किरणोत्सर्गाशी कोणाचा करार नव्हता. अपुऱ्या हजाराच्या कथेत दोष काळाकडे जातो. पुऱ्या झालेल्या हजारानंतर तो कोणाकडे जातो, हे विचारावेच लागते.

आणि धैर्य म्हणायचे तर ते कोठे आहे? बरे होण्याच्या आशेने पहिला करकोचा घडवण्यात आहेच. पण हजार पुरे होऊनही काही बदलले नाही हे दिसल्यावर पुढचा कागद उचलण्यात जे आहे, त्यासाठी आमच्याजवळ सोपा शब्द नाही. हाडांत दुखत असताना रक्तपेशींचे आकडे गुपचूप लिहून ठेवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला भाबडी ठरवणारी कथा तिचे धैर्य वाढवीत नाही, कमी करते.

येथे आम्हांला आपल्याच परंपरेतला एक पक्षी आठवतो. रामायणाच्या बालकांडात तमसेच्या तीरी वाल्मीकी क्रौंचांची जोडी पाहतात. व्याधाच्या बाणाने नर पडतो, मादी आक्रोश करते, आणि ऋषीच्या तोंडून आपसूक छंदोबद्ध उद्गार निघतो. शोकाचा श्लोक झाला असे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोका'त याच प्रसंगाचा आधार घेतला आहे. पण तो उद्गार कोणाला उद्देशून आहे, याकडे वर्गात पुरेसे लक्ष जात नाही. तो मेलेल्या पक्ष्याला उद्देशून नाही, रडणाऱ्या मादीचे सांत्वनही त्यात नाही. तो व्याधाला उद्देशून आहे; तो शाप आहे. (मूळ शब्द 'निषाद' असा आहे, ते एका समाजाचेही नाव असल्याने आम्ही येथे 'व्याध' म्हणतो.) आपल्या काव्याच्या आरंभकथेत करुणा आणि आरोप एकाच श्वासात आले आहेत. ज्या करुणेला मारणाऱ्याचा विसर पडतो ती आपल्या परंपरेच्याच मोजमापाने अर्धी ठरते.

अर्थात प्रत्येक बालमृत्यूच्या कवितेत व्याध असतोच असे नाही. गोविंदाग्रजांनी मृत बाळाला झोपलेले समजणारी आई लिहिली. तेथे दोष देण्याजोगे कोणी नाही, म्हणून सगळी कविता आईच्या भ्रमावर तोलून धरता आली. त्या कवितेत कारण शोधणे हे तिचे चुकीचे वाचन होईल. अडचण होते ती सादाकोची गोष्टही आपण त्याच सुरात सांगतो तेव्हा. दैवाने नेलेले मूल आणि युद्धाने नेलेले मूल यांच्यासाठी आपण एकच राग आळवतो.

हा घोटाळा कथानकात होतो त्याहून आधी तो क्रियापदात होतो. आम्ही दरवर्षी म्हणत आलो, 'हिरोशिमावर बॉम्ब पडला.' मराठीत पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, अंधार पडतो. त्याच ओळीत बॉम्बही पडतो. 'पडणे' हे अकर्मक क्रियापद. पाडणारा कोण, हे विचारण्याची त्यात सोय नाही. 'टाकला' म्हटले की वाक्य लगेच कर्ता मागते : कोणी टाकला? मग 'एनोला गे' हे विमान येते, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन येतात, एक निर्णय येतो. 'तिला ल्युकेमिया झाला' याचेही तेच. आजार होतो, जडतो, उद्भवतो. तो कोणी दिला असे म्हणण्याची आपल्या वाक्यरचनेला सवय नाही. विद्यार्थिनीचा तो प्रश्न आमच्या व्याकरणानेच तिच्या तोंडी घातला होता. प्रयोग शिकवताना फळ्यावर 'रामाने रावण मारला' हे वाक्य लिहिण्यात आमची वर्षे गेली. ६ ऑगस्टच्या वाक्यातला कर्ता मात्र आम्ही कधी शोधला नाही.

आमच्या एका सहकाऱ्यांचा याला आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, मुलांना द्वेष शिकवायचा का? सादाकोच्या कथेचे बळ तिच्या सौम्यतेत आहे. म्हणूनच ती सीमा ओलांडून गेली. हे खरे आहे. तिच्या वर्गमित्रांनी सुरू केलेल्या निधीला जपानमधल्या ३,२०० हून अधिक शाळांनी आणि नऊ देशांतल्या लोकांनी हातभार लावला आणि ५ मे १९५८ रोजी, जपानच्या बालदिनी, हिरोशिमात मुलांचे शांतता स्मारक उभे राहिले. आजही तेथे वर्षाला सुमारे एक कोटी कागदी करकोचे येतात. २७ मे २०१६ रोजी बराक ओबामा हिरोशिमात आले तेव्हा स्वतः घडवलेले करकोचे घेऊन आले. पदावर असताना त्या शहरात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. संतापाला हे दार उघडले असते का?

पण सौम्यतेची एक किंमत असते. सहा वर्षांचा असताना हिरोशिमाच्या स्फोटातून वाचलेल्या केइजी नाकाझावा यांनी १९७३ पासून 'बेअरफूट गेन' ही चित्रकथामालिका काढली. तिच्यातला मुलगा चिडतो, शिव्या देतो, अमेरिकेला जाब विचारतो आणि आपल्या देशाच्या सम्राटाला व लष्करालाही विचारतो. २०२३ साली हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने शांतता शिक्षणाच्या साहित्यातून तिचा भाग वगळायचे ठरवले. करकोचे राहिले, गेनचा राग गेला. एखाद्या व्यवस्थेला कोणते मूल सोयीचे वाटते, हे यातून कळते. धीराने सोसणारे मूल कोणाला अडचणीत आणीत नाही.

कर्ता शोधणे आणि द्वेष शिकवणे यांत अंतर आहे. व्याधाचा शोध प्रामाणिक असेल तर तो एका देशापाशी थांबत नाही, आणि त्याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. ते ज्यांच्या जखमा बांधत होते, त्यांना त्या जपानी सैन्याने केल्या होत्या. कोटणीस गेले त्याच्या पुढल्याच महिन्यात सादाको जन्मली. तिच्या देशानेही दुसऱ्यांची मुले मारली होती, यातले काहीही तिच्या माथी येत नाही. दोन वर्षांच्या मुलीचा कोणताच पक्ष नसतो. आणि आपण? आपली संसद ६ ऑगस्टला हिरोशिमाच्या बळींना श्रद्धांजली वाहत आली आहे. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्याही आपल्याच आहेत. या दोन गोष्टी एका वर्गात एकत्र बोलता येत नसतील, तर कागदाच्या घड्या ही हस्तकलाच राहील.

सादाकोकडे आपण सहज वळतो, कारण ती दूर आहे. युद्धाने आजारी केलेली मुले आपल्या अगदी जवळही राहून गेली आहेत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरशेजारी वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४० - ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलले होते. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली आणि ती माणसे मध्य आशियातून इराणमार्गे इकडे आली : टायफस, हगवण, हिवताप आणि उपासमार अंगावर घेऊन. कित्येक मुले वाटेतच गेली, कित्येकांचे आईवडील गेले. वळिवड्यात शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, स्काउटांची पथके होती. क्षयाची शंका असलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई. काही पोलिश माणसे कोल्हापुरातच मातीआड झाली. वाचलेली मुले मोठी होऊन जगभर पांगली, आणि त्यांच्यातले काही जण म्हातारपणी पुन्हा पंचगंगेकाठी आले.

या मुलांच्या धैर्याची बोधकथा झाली नाही, हे एका अर्थी बरेच झाले. त्यांच्याकडे हजाराचा आकडा नाही, पक्षी नाही, रचनेत बसणारा शेवट नाही. त्यांना बरे केले ते दूध, क्विनीन, स्वच्छ पाणी, शाळेची घंटा आणि ठरावीक वेळी मिळणारे जेवण यांनी. वळिवडे आणि हिरोशिमा शेजारी ठेवून वाचले की युद्धाने दिलेल्या आजारांतला एक फरक ध्यानात येतो. काही आजार काळजी घेणारे हात मिळाले तर परतवता येतात. काही शस्त्रे अशी आहेत की त्यांच्यापुढे त्या काळचे उत्तम रुग्णालय, आईची सेवा, रक्त चढवणे आणि मुलीचा निग्रह, सगळे अपुरे पडते. आणि ती दहा वर्षे वाट पाहू शकतात. मुलांना हा फरक सांगण्यात द्वेष नाही. तो न सांगणे ही मात्र फसवणूक आहे.

म्हणून आम्ही आमच्यापुरते काही बदल केले आहेत. ६ ऑगस्टला सादाकोची गोष्ट आम्ही सांगतोच, पण ६४४ आणि हजारानंतर, अशी दोन्ही कथने मुलांपुढे ठेवतो आणि कोणत्या कथनात कोणावर दोष येतो हे त्यांनाच शोधायला सांगतो. वर्तमानपत्रांतली युद्धाची बातमी आणून तिच्यातली क्रियापदे अधोरेखित करवतो : किती ठिकाणी क्षेपणास्त्रे 'पडतात', किती ठिकाणी ती 'टाकली' जातात, किती मुले 'मरतात' आणि किती 'मारली जातात'. तृतीय वर्षाला काव्यशास्त्र शिकवताना क्रौंचवधापाशी आम्ही अधिक थांबतो. हे फार मोठे काम नाही. भाषेच्या शिक्षकाच्या हाती जेवढे असते तेवढेच आहे.

करकोचे मुले अजूनही करतात, आणि करावेतच. गेल्या ऑगस्टमध्ये पाऊस इतका होता की कागद दमट होऊन घडी धरत नव्हता. तीच विद्यार्थिनी, आता एम.ए. करणारी, मदतीला आली होती. एका लहान मुलाने शेजारच्या खाचराकडे बोट दाखवून तिला विचारले, "हे तेच पक्षी का?" ती म्हणाली, "नाही, ते बगळे. हा करकोचा." मग थोडे थांबून, त्याची घडी नीट बसवून देताना तिने त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली : एका विमानाने एका शहरावर बॉम्ब टाकला.